उंदीर पडू लागले तेव्हाचे पुणे

पुण्यातील कोणत्याही शाळकरी मुलापुढे १८९७ हे साल उच्चारावे, की गणेशखिंडीचा रस्ता, व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाची रोषणाई, अंधारातून परतणारी बग्गी आणि ‘गोंद्या आला रे’ ही इशारत, एवढे सारे तो एका दमात सांगून टाकतो. त्यात वावगे काही नाही. परंतु ज्या रोगाच्या बंदोबस्तासाठी रँडसाहेबाची साताऱ्याहून पुण्यास नेमणूक झाली, ज्याने त्या एका मोसमात दोन हजारांवर माणसे नेली आणि ज्याने पुढे वीस-पंचवीस वर्षे या शहराच्या राहणीचे वेळापत्रक ठरवले, तो रोग मात्र आमच्या इतिहासग्रंथांत बहुधा नेपथ्यापुरताच उरला आहे. प्रस्तुत लेखात रँडच्या खुनाची हकीकत पुन्हा सांगण्याचा उद्देश नाही. रोग शहरात कोणत्या वाटेने आला, पेठापेठांतून कोणाच्या आश्रयाने फिरला, सरकारने त्याचा तपास कोठे केला आणि तो प्रत्यक्षात कोठे दडला होता, हे पाहावयाचे आहे. माझे मत आरंभीच नमूद करून ठेवतो. पुण्याच्या प्लेगचे दुर्दैव गोऱ्या शिपायांच्या उद्दामपणात जितके होते, तितकेच ते या गोष्टीत होते, की सगळा फौजफाटा माणसांची झडती घेत असताना खरा गुन्हेगार त्याच घराच्या आढ्यावरून शेजारच्या घरात निघून जात होता.

हा रोग हिंदुस्थानास अगदीच अपरिचित होता असे नाही. जहांगीर बादशहाने आपल्या आत्मवृत्तात आग्र्याच्या बाजूस पसरलेल्या साथीची हकीकत देताना एका सरदारघराण्यातील गोष्ट नमूद केली आहे. घरात एक उंदीर दारू प्याल्यासारखा झोकांड्या खात बाहेर आला, मांजराने त्यास तोंडात धरले आणि किळस आल्याप्रमाणे टाकून दिले, पुढे मांजर आजारी पडले आणि त्यामागोमाग घरातील माणसे. सतराव्या शतकाच्या प्रथम चरणातील हे निरीक्षण इतके नेमके आहे, की पुढील काळातील पुष्कळशा सरकारी अहवालांना त्याची सर येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कच्छ-काठेवाडात आणि १८३६ साली मारवाडातील पाली येथे असाच रोग उद्भवला होता. आणि गढवाल-कुमाऊँच्या डोंगराळ मुलखात तर ‘महामारी’ या नावाने तो वारंवार येत असल्यामुळे घरात उंदीर मरू लागले की गाव सोडून रानात जावे, अशी तेथील लोकांची रूढीच पडून गेली होती. हे ज्ञान कोणत्याही वैद्यकीय विद्यालयात शिकवले जात नव्हते आणि म्हणून, वेळ आली तेव्हा, कोणत्याही हाकिमाच्या उपयोगी पडले नाही.

नवी साथ मात्र उत्तरेकडून न येता समुद्रमार्गाने आली. चीनच्या युनान प्रांतात दीर्घकाळ रेंगाळलेला हा रोग १८९४ साली हाँगकाँग बंदरात पोहोचला आणि तेथेच, त्याच वर्षी, फ्रेंच पाश्चर संस्थेचा येर्सिन व जपानचा कितासातो या दोघा शास्त्रज्ञांनी त्याचा जंतू शोधून काढला. येर्सिनने तर मेलेल्या उंदरांच्या शरीरातही तोच जंतू असल्याचे लिहून ठेवले होते. तेथून दोन वर्षांनी, सप्टेंबर १८९६ मध्ये, मुंबईच्या मांडवी भागात, जेथे गोदीतून उतरलेल्या धान्याच्या वखारींना लागून दाट वस्ती होती, तेथे डॉक्टर अकासियो गाब्रिएल व्हिएगस या गोमंतकीय वैद्याने पहिला रोगी ओळखला. नगरपालिकेच्या काही सभासदांस व वरिष्ठ अधिकाऱ्यांस ती गोष्ट प्रथम रुचली नाही, कारण प्लेगचे नाव निघताच परदेशची बंदरे मुंबईच्या जहाजांना बंद होणार, हे त्यांस पुरते ठाऊक होते. व्यापाराची काळजी ही साथीच्या इतिहासात बहुधा पहिल्या पानावरच भेटते. नाव कबूल होईतो मांडवी सोडून माणसे निघाली होती; आणि पुढील फेब्रुवारीपर्यंत सव्वाआठ लाखांच्या त्या शहरातील जवळजवळ निम्मी वस्ती कोकणात, गुजराथेत आणि घाटावर पांगली.

घाटावर पांगली म्हणजे पुण्यास आली. बोरघाटातून लोहमार्ग पुरा झाल्यास तेव्हा तीस-बत्तीस वर्षे होऊन गेली होती, आणि ज्या प्रवासास पूर्वी घोड्या-बैलांच्या कृपेने दिवस लागत तो आता काही तासांत आटपत होता. ऑक्टोबर १८९६ पासूनच मुंबईहून आलेल्या उतारूंमध्ये रोगी आढळू लागले. स्टेशनावर डॉक्टर नेमले गेले, उतारूंना ओळीने उभे करून त्यांच्या काखा-जांघा चाचपण्याचा क्रम सुरू झाला, संशयितांना बाजूस काढण्यात आले. डिसेंबरात शहरातल्या शहरात, बाहेर कोठेही न गेलेल्या माणसांना रोग जडल्याचे दिसून आले. फेब्रुवारी १८९७ मध्ये मृत्यूचे मान नेहमीच्या दुपटीवर गेले आणि लोक मिळेल त्या वाहनाने शहर सोडू लागले.

येथे क्षणभर थांबून हा रोग फिरतो कसा, याचा उलगडा करणे अवश्य आहे. कारण आज जे शाळेच्या पुस्तकात आहे ते त्या वेळी कोणालाच निश्चित ठाऊक नव्हते आणि ते ठाऊक नसल्याचा भुर्दंड पुणेकरांनी भरला. प्लेग हा मूळचा उंदरांचा रोग होय. उंदराच्या अंगावरील पिसू त्याचे रक्त शोषते, त्याबरोबर जंतू तिच्या पोटात शिरतात, तेथे वाढून तिच्या अन्ननलिकेचे तोंडच बुजवून टाकतात. भुकेने पिसाळलेली ती पिसू मग पुनःपुन्हा चावा घेत राहते आणि प्रत्येक चाव्यासरशी गिळलेले रक्त जंतूंसह उलट बाहेर टाकते. उंदीर मेला, त्याचे अंग थंड पडले, की पिसवा त्यास सोडून दुसरा उंदीर शोधतात आणि उंदीर उरले नाहीत म्हणजे माणसाच्या पायाशी येतात. चावा बहुधा पायास होतो, म्हणून गाठ बहुधा जांघेत येते. गाठीच्या प्लेगचा रोगी शेजाऱ्यास सहसा रोग देत नाही. रोग फुप्फुसात उतरला तर गोष्ट वेगळी, पण दख्खनच्या साथींत तसे थोडेच होई. रोग देते ती पिसू. आणि पिसू प्रवास करते ती धान्याच्या गोणीत, चिंध्यांच्या गाठोड्यात, अंथरुणाच्या वळकटीत. स्टेशनावर उतारूची काख तपासणारा डॉक्टर कितीही कर्तव्यदक्ष असो, मालधक्क्यावर उतरणाऱ्या गोणीची नाडी कोण पाहणार?

पुण्याची पेठ आणि पेठेतील घर, दोन्हीही या कामाला सर्वस्वी अनुकूल होती. नाना आणि भवानी पेठांत भुसार मालाचा व्यापार, आडत्यांच्या वखारी, हमालांची चाळवजा वस्ती. आणि सर्वत्र, अगदी सदाशिव-नारायणातील भटभिक्षुकांच्या वाड्यांतही, वर्षाचे धान्य घरात साठवण्याची चाल. दुबार विटा-मातीच्या जाड भिंतींत धान्य ठेवण्याची बळदे असत, माळ्यावर कणग्या, माजघराच्या कोपऱ्यात उतरंडी, आणि वर लाकडी तुळयांवर कौलांचे छप्पर. भिंतीस भिंत लागून असल्यामुळे एका टोकाच्या वाड्यात शिरलेला उंदीर जमिनीवर पाय न टेकता आळीच्या दुसऱ्या टोकास निघू शके. आमचा घरउंदीर हा गटारातला प्राणी नाही. तो आढ्याचा, माळ्याचा, कणगीच्या सावलीतला रहिवासी आहे, आणि माणसाच्या अंथरुणापासून त्याचे बिऱ्हाड हाताच्या अंतरावर असते. घर नीटनेटके, सारवलेले, तुळशीवृंदावनासह पवित्र असले म्हणून पिसवेस त्याची काही क्षिती नव्हती.

रोग येण्यापूर्वीची सूचना घरातल्या बायकांस प्रथम मिळे. रात्री माळ्यावरची खुडबूड कमी होई. मग एखादा उंदीर भर दुपारी, माणसांना न भिता, माजघराच्या मध्यभागी येई. त्याचे केस पिंजारलेले, पाठ वाकलेली, मागचे पाय लुळे. तो हुसकावला तरी पळत नसे, एखादी गिरकी घेई आणि तेथेच आडवा होई. दुसऱ्या दिवशी आणखी दोन-तीन. तुळईवरून खाली, पाण्याच्या घंगाळाजवळ, चुलीच्या मागे. ‘उंदीर पडू लागले’ असे त्यास म्हणत, आणि त्या तीन शब्दांचा अर्थ महाराष्ट्रात पुढे दोन पिढ्या कोणास समजावून सांगावा लागला नाही. त्यानंतर साधारण आठ-दहा दिवसांनी घरातील एखाद्यास थंडी वाजून सणसणीत ताप भरे, डोळे लाल होत, जीभ जड पडे, चाल लटपटे, जांघेत नाहीतर काखेत असह्य ठणका लागून गाठ वर येई. वैद्य तिला ग्रंथिक सन्निपात म्हणत, जळवा, लेप आणि पोटिसे सांगत. डॉक्टर ब्रँडी आणि हृदयास उत्तेजक देत. परंतु उपचार दोघांपाशीही नव्हता, आणि रोग्यांपैकी निम्म्याहून अधिक तीन ते पाच दिवसांत जात.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी हिंदुस्थान सरकारने साथरोगांचा कायदा मंजूर केला. मूळचा हा कायदा जेमतेम चार कलमांचा होता. दुसऱ्या कलमान्वये सरकारास वाटेल तो हुकूम काढण्याचा अधिकार, तिसऱ्यान्वये तो मोडणाऱ्यास शिक्षा, आणि चौथ्यान्वये सद्बुद्धीने काम करणाऱ्या अंमलदारावर फिर्याद करण्यास मनाई. इतक्या थोड्या शब्दांत इतकी मोठी सत्ता देणारा मसुदा कायदेपंडितांनी कौतुकाने पाहावा असा आहे. त्याची आंच ज्यांना लागली त्यांनी तो कौतुकाने पाहिला नाही. या कायद्याच्या आधारे पुण्यासाठी एक खास प्लेग कमिटी स्थापन झाली. साताऱ्याचा असिस्टंट कलेक्टर वॉल्टर चार्ल्स रँड हा अध्यक्ष आणि लेफ्टनंट कर्नल फिलिप्स व लष्करी डॉक्टर बेव्हरिज हे तिचे सभासद. डरहॅम लाइट इन्फन्ट्रीच्या मेजर पॅजेटच्या हाताखाली गोरे व देशी मिळून ८९३ अंमलदार व शिपाई प्लेगच्या कामगिरीवर देण्यात आले आणि १३ मार्च रोजी झडत्यांना आरंभ झाला.

झडतीची पद्धत लष्करी होती. पेठेची नाकेबंदी करावयाची, तीन-चार गोऱ्या शिपायांची तुकडी आणि सोबतीस एखादा देशी गृहस्थ यांनी घरात शिरावयाचे, ओटीपासून देवघरापर्यंत प्रत्येक खोली उघडावयाची, दडवलेला रोगी किंवा दडवलेले प्रेत सापडते का ते पाहावयाचे. रोगी सापडला तर तो संगमाजवळच्या इस्पितळात, घरची माणसे विलगीकरणाच्या छावणीत. मग घराची पाळी. पुरुषभर उंचीपर्यंत चुन्याचा हात, कार्बॉलिकचे पाणी, भुई खणून माती बाहेर, सूर्यप्रकाश शिरावा म्हणून कौले उतरवलेली, अंथरूण-पांघरूण, फाटके कपडे, कधी उपयोगातील सामानही चव्हाट्यावर जाळलेले. त्या काळच्या आरोग्यशास्त्राचा दृढ समज असा, की प्लेग हा घाणीचा, कोंदट हवेचा आणि दूषित भूमीचा रोग आहे. घर धुवावे, भुई जाळावी, हवा मोकळी करावी, म्हणजे रोगाचे मूळ तुटेल. प्रत्यक्षात काय झाले? ज्या घराची भुई खणली, मोरीत उग्र वासाचे औषध ओतले, छप्पर उघडे केले, त्या घरातील उंदीर अर्थातच स्थलांतर करून पलीकडच्या वाड्यात गेले. गेले ते रोगासकट गेले.

आणि स्त्रियांची तपासणी, देवघरात बुटासकट प्रवेश, हाती लागेल ती वस्तू खिशात घालणे, इत्यादी तक्रारींनी शहर धुमसत होते. कमिटीच्या अहवालात शिपायांच्या वर्तणुकीची वाखाणणी असून स्त्रियांच्या मर्यादेचा जाणूनबुजून भंग झाल्याची विश्वसनीय तक्रार आली नाही असे म्हटले आहे. परंतु ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच कचेरीत अर्ज गुदरावयाचा, आणि कायद्याच्या चौथ्या कलमाची तलवार डोक्यावर टांगलेली, अशा स्थितीत विश्वसनीय तक्रारी फारशा याव्यात तरी कशा? त्याच वेळी दुसऱ्या बाजूच्या अतिशयोक्तीचाही हिशेब ठेवला पाहिजे. विलायतेत असलेल्या गोखल्यांनी पुण्याहून आलेल्या पत्रांच्या भरवशावर शिपायांविरुद्ध फार गंभीर आरोप ‘मँचेस्टर गार्डियन’ पत्रातून प्रसिद्ध केले. परत आल्यावर त्यांस आधार देण्यास पत्रलेखकांपैकी कोणी पुढे आले नाही, आणि गोखल्यांना निरपवाद माफी मागावी लागली. माफीबद्दल त्यांची जी नालस्ती झाली ती सर्वांना माहीत आहे. पुढच्याच साथीत तेच गोखले स्वयंसेवक होऊन प्लेगच्या कामात खपत होते, ही गोष्ट मात्र तितक्या आवर्जून कोणी सांगत नाही. पंडिता रमाबाईंनीही आपल्या शारदासदनातील मुलीच्या बाबतीत सरकारी इस्पितळाच्या व्यवस्थेवर ‘बॉम्बे गार्डियन’मधून कडक टीका केली होती. ब्राह्मणी पुण्याने जिला वाळीत टाकले होते त्या बाईची आणि ‘केसरी’ची तक्रार या एका बाबतीत एकच असावी, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

टिळकांची भूमिका साधी नव्हती. रोग्याचे विलगीकरण अवश्य आहे, हे त्यांना मान्य होते. शहर सोडून गेलेल्या पुढाऱ्यांना त्यांनी बोल लावले आणि स्वतः पुण्यात राहिले. सरकारी इस्पितळाच्या धास्तीने लोक रोगी दडवतात हे पाहून हिंदूंसाठी स्वतंत्र इस्पितळ काढण्यात त्यांचा मोठा हात होता. त्यांचा कटाक्ष अंमलबजावणीच्या रीतीवर होता, आणि जुलैमध्ये तो कटाक्ष त्यांना राजद्रोहाच्या आरोपापर्यंत घेऊन गेला. २२ जूनची रात्र, लेफ्टनंट आयर्स्टचा जागच्या जागी आणि रँडचा ३ जुलैस झालेला मृत्यू, नातू बंधूंची अटक, टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी, चापेकर बंधूंची फाशी या साऱ्या गोष्टी वाचकांना अवगत आहेत. त्या येथे उल्लेखापुरत्या पुरेत.

मला त्या मार्च महिन्यातील दुसरी एक तारीख अधिक महत्त्वाची वाटते. झडत्यांना आरंभ होण्याच्या तीनच दिवस आधी, १० मार्च १८९७ रोजी, सावित्रीबाई फुले प्लेगने वारल्या. त्यांचे दत्तक चिरंजीव डॉक्टर यशवंत यांनी शहराबाहेर, हडपसरच्या बाजूस ससाणे यांच्या मळ्यात, रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलास पाठीवर घालून सावित्रीबाई तेथे घेऊन गेल्या आणि त्या सेवेतच त्यांना रोग जडला, असे चरित्रकार सांगतात. सरकारी इस्पितळ आणि उच्चवर्णीयांनी काढलेले इस्पितळ या दोहोंच्याही बाहेर एक पुणे होते. ते झडतीच्या तक्रारीत आढळत नाही, वर्तमानपत्रांच्या रकान्यांत फारसे आढळत नाही, आणि ज्याला शहर सोडून जाण्यास गाडीभाडे नव्हते तेही हेच. हमाली, झाडलोट आणि मुडदेफराशी करणाऱ्या माणसांना साथीच्या दिवसांत काम वाढते, ही गोष्ट कोणत्याही तक्त्यात नोंदली जात नाही.

१९ मे रोजी लष्कर काढून घेण्यात आले. पहिल्या साथीत प्लेगने २०९१ माणसे दगावली असा कमिटीचा अंदाज आहे, आणि मे महिन्यात रोग बहुतेक नाहीसा झाला होता. तेव्हा उपाय कठोर खरे, पण परिणामकारक ठरले, असा निष्कर्ष त्या काळच्या इंग्रजी पत्रांनी काढला आणि आजही काही शहाणे लोक तो काढतात. या युक्तिवादात एक साक्षीदार तपासावयाचा राहून गेला आहे, तो म्हणजे पुण्याचा उन्हाळा. कोरड्या कडक उन्हात पिसू जगत नाही, आणि जगली तरी तिच्या नळीतला जंतूंचा बोळा सुटून जातो. म्हणून दख्खनच्या पठारावर प्लेग पावसाळ्याच्या अखेरीस उठावा, थंडीत माजावा आणि चैत्र-वैशाखात बसावा, असा त्याचा क्रमच पुढे वर्षानुवर्षे दिसून आला. रँडची कमिटी मार्चाच्या मध्यावर कामास लागली. नुसती हातावर हात ठेवून बसली असती तरी मेअखेर रोग पुष्कळसा ओसरला असता. विलगीकरणाचा व छावण्यांचा काही उपयोग झालाच नाही असे म्हणवत नाही. घरातून माणसे बाहेर काढली म्हणजे ती पिसवांपासून दूर जातात, एवढे हित त्यात होतेच. परंतु श्रेयाची वाटणी करताना सूर्याचा वाटा वगळणे न्यायाचे नव्हे. त्याचा पुरावाही लवकरच मिळाला. पाऊस सरला, आणि १८९७ च्या शरद ऋतूत प्लेग परत आला. या दुसऱ्या फेरीने पहिल्याहून अधिक बळी घेतले.

तेथून पुढे तो पुण्याचा वार्षिक पाहुणा झाला. १८९८ च्या मार्चमध्ये मुंबईत झडत्यांवरून दंगल उसळल्यावर सरकारने सक्तीचा आग्रह हळूहळू सोडला, आणि लोकांनी आपल्या अनुभवातून आपला उपाय काढला. भाद्रपद-आश्विनात उंदीर पडल्याची वार्ता आळीत आली, की बिऱ्हाड बांधावयाचे आणि शहराबाहेर झोपडी टाकून राहावयाचे. माळरानावर, मळ्यांच्या कडेला, ओढ्यांच्या काठी बांबू, तट्ट्या आणि गवताच्या झोपड्यांच्या वाड्याच्या वाड्या उभ्या राहत. पुरुषमाणसे दिवसा शहरात येऊन कचेऱ्या, दुकाने आणि शाळा सांभाळीत आणि दिवेलागणीस परतत. शाळांना सुट्ट्या पडत, लग्ने पुढे ढकलली जात, कुलूपबंद वाड्यांत चोऱ्या होत. ज्यांची ऐपत होती त्यांनी झोपडीच्या जागी टुमदार बंगली बांधली आणि साथ गेल्यावर परत जाण्याचे विसरले. पेठांच्या तटाबाहेर राहण्यास भीत असलेल्या पुणेकराला मोकळ्या हवेची गोडी लावण्यात प्लेगचा हात किती, याचा हिशेब नगररचनेच्या अभ्यासकांनी एकदा मांडण्यासारखा आहे. अण्णासाहेब कर्व्यांनी आपला अनाथ बालिकाश्रम १९०० साली शहरातून उचलून हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत नेला, त्याच्या कारणांत सनातन्यांच्या रोषाबरोबर प्लेगही होता. फर्ग्युसन कॉलेजातील तास संपवून चिखल तुडवीत हिंगण्यास जाणारे कर्वे आपणास परिचित आहेत; ती पायपीट कोणी लादली, हे सहसा सांगितले जात नाही.

थोर घरांचीही त्यातून सुटका नव्हती. १९०३ साली ताईमहाराज दत्तक प्रकरणाच्या खटल्याच्या ऐन धामधुमीत टिळकांचा वडील मुलगा विश्वनाथ प्लेगने गेला.

टोचून घेण्याची सोय तोपर्यंत झाली होती, पण विश्वास नव्हता. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत वाल्डेमार हाफकिन या रशियन-यहुदी शास्त्रज्ञाने मांसरसात प्लेगचे जंतू वाढवून, त्यांना उष्णतेने मारून, लस सिद्ध केली होती. रसाच्या पृष्ठभागावर तुपाचे थेंब तरंगत ठेवावयाचे, म्हणजे त्या थेंबांखाली जंतूंची वाढ झुंबराप्रमाणे लोंबू लागते, ही त्याची युक्ती. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती प्रथम स्वतःस टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगात तिचा प्रयोग झाला. तिच्या प्रारंभीच्या कसोट्यांची जी ठिकाणे हाफकिनने नोंदवली आहेत त्यांत लोणावळा आहे आणि पुण्याच्या वेशीवरचे खडकी येथील तोफखान्याच्या नोकरांचे तळही आहे. म्हणजे पुणे गोऱ्या शिपायाच्या नावाने बोटे मोडीत असताना दोन कोसांवर रोगावरील पहिल्या उपायाची परीक्षा चालू होती. लोक टोचणीस भीत, त्याची कारणे वेडगळ नव्हती: दोन दिवस ताप येई, दंड सुजे, लशीत मांसाचा रस असल्याची बोलवा होती, आणि मुख्य म्हणजे देणारा हात सरकारचा होता. १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी एका दूषित बाटलीमुळे १९ जण धनुर्वाताने दगावले तेव्हा या भयास चांगलेच खतपाणी मिळाले. हाफकिनवरील ठपका पुसला जाण्यास पाच वर्षे लागली, आणि लोकांच्या मनातील पुसला जाण्यास त्याहून अधिक.

इकडे खऱ्या अपराध्याचे नाव १८९८ सालीच निघाले होते. पाश्चर संस्थेचा पॉल लुई सिमों याने कराचीत, जूनच्या आरंभी, एका काचपात्रात मरू घातलेला उंदीर व शेजारी जाळीपलीकडे निरोगी उंदीर ठेवून पिसवेवाटे रोग जातो हे दाखवून दिले. ते वाचून अधिकारी वैद्यांनी नाके मुरडली. प्रोफेसर फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील हिंदुस्थानच्या प्लेग कमिशनाने त्यास महत्त्व दिले नाही. १९०५ नंतर मुंबईस परळच्या प्रयोगशाळेत ग्लेन लिस्टन व त्याच्या सहकाऱ्यांनी कौलारू खोल्या बांधून, त्यांत गिनीपिगांचे पिंजरे टांगून, काही पिंजऱ्यांना बारीक जाळी लावून आणि काहींना न लावता, तोच निष्कर्ष निर्विवाद केला. जाळीतले जगले, बिनजाळीचे मेले. रँडच्या झडत्यांस त्या वेळी दहा वर्षे होत आली होती. १९०७ या एका वर्षात हिंदुस्थानात सुमारे तेरा लाख माणसे प्लेगने मेली, आणि १९१८ पर्यंतची बेरीज एक कोटीच्या घरात जाते.

त्यानंतर रोग हटला, तो का, याचे श्रेय कोणा एकाला देता येत नाही. परळच्या संस्थेत, जिला १९२५ पासून हाफकिनचे नाव मिळाले आहे, साहिबसिंग सोखे व त्यांचे सहकारी यांनी ठिकठिकाणचे उंदीर आणवून तपासले, तेव्हा असे दिसले, की जेथे प्लेगने वर्षानुवर्षे थैमान घातले तेथील उंदीर आता रोगास दाद देत नाहीत. दुबळे वंश मरून चिवट वंश उरले होते. पुढे सल्फा औषधे, स्ट्रेप्टोमायसीन आणि घरोघर फवारलेली डीडीटी आली. पन्नाशीनंतर पुण्यात प्लेगच्या झोपड्या ही आजीने सांगावयाची गोष्ट होऊन बसली.

तरीही जंतू या भूमीतून गेलेला नाही. शेतांतील आणि माळांवरील रानउंदरांत तो माणसाच्या नकळत टिकून राहू शकतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर मराठवाड्यात पडक्या घरांत आणि धान्यसाठ्यांत उंदीर माजले, आणि १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीच्या तापाचे रोगी सापडले. सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाचा प्लेग म्हणून हलकल्लोळ उडाला, लाखो माणसे गाड्या भरून पळाली आणि महाराष्ट्रातील शहरोशहरी औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लीन नाहीशी झाली. मामल्याची हकीकत सरकारी दप्तरात आहे. तेथे ताप सुरू होण्यापूर्वीच लोकांनी आरोग्य खात्याकडे तक्रार नेली होती, की गावात पिसवा फार झाल्या आहेत आणि उंदीर पडत आहेत.